प्लांटेड टँकमधले डिस्कस: पाणी, झाडं आणि खाणं

डिस्कस या माशाला २८ ते ३० अंश सेल्सिअस पाणी लागतं, दिवसातून दोन-तीनदा प्रथिनयुक्त खाणं लागतं आणि भोवती शांतता लागते. टँकमधल्या बहुतेक झाडांना मात्र २४-२५ अंशांचं पाणी आणि भरपूर उजेड मानवतो. त्यामुळे एकाच काचेत दोघांना सुखाने नांदवायचं तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या लागतात. माझ्या मते त्यातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या. टँक माशांच्या सोयीने लावायचा, झाडं त्यात बसतील तेवढीच. आणि प्लांटेड, म्हणजे झाडं लावलेल्या टँकमध्ये सोडायचे ते वाढ झालेले डिस्कसच, पिल्लं नाहीत. पुढचं सगळं या दोन निर्णयांवर उभं आहे.

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिथे तो संथ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांच्या आडोशाला कळपाने राहतो. रिओ निग्रोसारख्या नद्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असतं, आणि अशा पाण्यात आपण टँकमध्ये लावतो तशी हिरवी झाडी जवळपास नसते. म्हणजे डिस्कसला खरी गरज लाकडाच्या आडोशाची आणि सावलीची. हिरवळ ही आपली हौस. ती जरूर करावी, पण क्रम लक्षात ठेवून.

टँक आणि उपकरणं

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच टँक ही सुरुवातीची योग्य मापं. त्यात सुमारे ३४० लिटर पाणी मावतं. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ३०० लिटर उरतं. एका मोठ्या डिस्कसला ४० ते ५० लिटर धरा, म्हणजे सहा मासे आरामात राहतील. पाच-सहापेक्षा कमी ठेवू नका. दोन-तीनच असले तर दांडगा मासा एकाच कमजोर माशाच्या मागे लागतो, त्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि खाऊ देत नाही. सहा असले की हा त्रास सगळ्यांत विभागला जातो.

भरलेल्या टँकचं वजन स्टँड धरून साडेचारशे किलोच्या घरात जातं. फ्लॅटमध्ये तो बीमजवळच्या भिंतीला लागून ठेवावा. दाराशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर नको, कारण डिस्कस प्रत्येक सावलीला दचकतो.

फिल्टर कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डबा) किंवा सम्प (टँकखालची वेगळी टाकी), तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा. पाणी परत सोडताना भोकं पाडलेला स्प्रे बार लावा. हा मासा ताटलीसारखा चपटा असतो, जोराच्या प्रवाहात त्याची सगळी शक्ती पोहण्यातच जाते. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसवला तर उरलेलं खाणं आत जाऊन कुजत नाही.

हीटर एकच मोठा घेण्यापेक्षा २०० वॉटचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा पाणी एकदम गार होऊ देत नाही. एक चालूच राहून अडकला तर एकट्याने मासे उकडण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. थर्मामीटर मात्र वेगळा हवा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. मुंबईत हीटर वर्षातले बरेच महिने निवांत असतो, पण पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या डिसेंबरच्या रात्री त्याची खरी परीक्षा होते. विदर्भ-मराठवाड्यात उलटी अडचण: मे महिन्यात पाणी ३३ अंशांच्या वर जाऊ शकतं. अशा वेळी झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात.

वीज गेल्यावर आधी थंडीची काळजी करू नका, आधी प्राणवायूची करा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना ७.६ च. मुळातच कमी असलेला साठा सहा मोठे मासे लवकर संपवतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा. तापमान एवढ्या मोठ्या टँकमध्ये हळूहळू उतरतं, आणि काचेभोवती चादर गुंडाळली तर आणखी वेळ मिळतो.

पाणी: आधी आपलं ओळखा

बाजारात मिळणारे बहुतेक डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये पैदास झालेले असतात. जर्मनी, थायलंड, मलेशियातून येतात, भारतातही पैदास होते. त्यांना ॲमेझॉनचं पाणी बनवून द्यायची गरज नाही. पीएच ६.२ ते ७.४ मध्ये कुठेही चालतो, फक्त तो रोज इकडेतिकडे हलता कामा नये.

मुंबई-पुण्याचं धरणाचं नळपाणी साधारण मृदू असतं, ते बहुतेक वेळा तसंच वापरता येतं. बोअरवेलचं पाणी, विशेषतः दख्खनच्या पठारावरचं, खूप जड असू शकतं. टँकरचं पाणी तर कुठून भरलंय त्यावर अवलंबून. टीडीएस मीटर स्वस्त आहे, पण तो पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतो. जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवणारा कार्बोनेटचा जडपणा) मोजणारा टेस्ट किट एकदा आणाच. जड पाणी असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं पाणी मात्र टाकू नका. त्यात केएच जवळपास शून्य असतो, मग पीएच धरून ठेवायला काहीच राहत नाही आणि तो एका रात्रीत कोसळतो. केएच ३ च्या आसपास ठेवला की निर्धास्त राहता येतं.

पाणी बदलायचं म्हणजे ऐनवेळी नळाला पाइप लावायचा, ही पद्धत डिस्कसला चालत नाही. २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम ठेवा, आदल्या दिवशी भरा, त्यात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि गरज पडेल तसा हीटर सोडा. क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, १०० लिटरला साधारण १ ग्रॅम पुरतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येऊ लागला तर क्लोरीन टेस्ट करूनच मात्रा वाढवा.

देशी बदामाची वाळून गळलेली पानं उत्तम. १०० लिटरला दोन-तीन पानं, स्वच्छ धुऊन. पाण्याला हलका चहाचा रंग येतो, उजेड मऊ होतो आणि नवे मासे लवकर धीट होतात. रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेल्या झाडांची पानं घेऊ नका.

तळ, लाकूड आणि झाडं

टँकच्या पुढचा किमान एक तृतीयांश भाग झाडांशिवाय, नुसत्या बारीक वाळूचा ठेवा. थर दोन-तीन सेंटीमीटरचा, त्याहून जाड नको. हीच माशांची जेवणाची जागा. इथे कार्पेटची, म्हणजे गालिच्यासारखी पसरणारी बुटकी झाडं लावायचा मोह होतो, पण त्या गवतात अडकलेलं खाणं निघत नाही आणि आठवड्याभरात सडायला लागतं. वाळू फिकट रंगाची घ्या. काळ्या वाळूवर मासे गडद होतात, आणि पिजन ब्लड जातीच्या माशांवर तर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके उमटतात.

मध्यभागी एक-दोन मोठी लाकडं, फांद्या वरून खाली झुकतील अशी. ॲन्युबियस, जावा फर्न आणि बोल्बिटिस या लाकडालाच दोऱ्याने बांधायच्या. त्या कमी उजेडात जगतात, मातीची त्यांना गरज नाही, आणि सफाईच्या दिवशी लाकडासकट उचलून बाजूला ठेवता येतात. मागच्या बाजूला ॲमेझॉन सोर्ड आणि व्हॅलिस्नेरिया. सोर्डच्या मुळाशी दर दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी पुरा.

क्रिप्टोकोरायनमध्ये वेंडटाय ही सर्वांत सोशिक. लावल्यावर सुरुवातीला तिची पानं विरघळून जातात, तेव्हा उपटून टाकू नका. मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. याच कुळातली क्रिप्टोकोरायन रेट्रोस्पायरॅलिस आपल्या सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांत उगवते. ती हवी असेल तर नर्सरीत वाढवलेली विकत घ्या, ओढ्यातली उपटून आणू नका.

वर साल्व्हिनिया किंवा फ्रॉगबिट तरंगू द्या, पण पृष्ठभागाचा एक तृतीयांशच झाकेल इतकं. दिवे टायमरवर सहा-सात तास. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर या झाडांना लागत नाही, आणि गरम पाण्यात तो देणं मला धोक्याचं वाटतं. द्यायचाच असेल तर मात्रा कमी ठेवा, दिवे बंद होण्याआधी बंद करा आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवा.

खताच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा, की माशांच्या घाणीतून नायट्रेट आणि फॉस्फेट आपोआप मिळतं. वरून पोटॅशियम, लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं द्यायची, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने.

झाडं लावून झाली की फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू तयार व्हावेत म्हणून माशांशिवाय टँक पाच-सहा आठवडे चालवा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या आत, हे टेस्ट किटवर सलग काही दिवस दिसल्याशिवाय मासे आणू नका. जितकं पाणी गरम आणि पीएच जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. त्यामुळे दुसऱ्या माशांना खपून जाणारी कसर डिस्कसला खपत नाही.

मासे निवडणं

साडेचार-पाच इंचांचे मासे घ्या. दोन इंचांची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा खाणं आणि रोज निम्मं पाणी बदलून द्यावं लागतं. वाळू आणि झाडं असलेल्या टँकमध्ये हे झेपत नाही. एक तर पिल्लं अर्धपोटी राहून खुरटतात, नाहीतर पाणी नासतं. बजेट कमी असेल तर पिल्लं घ्या, पण ती तळाला काहीही नसलेल्या काचेच्या टँकमध्ये वाढवा आणि मोठी झाली की झाडांमध्ये हलवा. असं वाढवण्यातही मोठा आनंद आहे.

कुर्ल्याच्या मासेबाजारात घ्या, क्रॉफर्ड मार्केटला घ्या किंवा ओळखीच्या ब्रीडरकडून. पाहायच्या गोष्टी त्याच. शरीर गोल हवं आणि त्या मानाने डोळा लहान. डोळा मोठा दिसत असेल तर मासा खुरटलेला आहे, तो पुढे भरत नाही. कपाळ समोरून पाहा: ते धारदार, आत गेलेलं दिसलं तर मासा उपाशी किंवा आजारी आहे. दोन्ही कल्ले सारखे हलतायत ना, पंख पसरलेले आहेत ना, माणूस आला की पुढे येतो का. आणि शेवटी दुकानदाराला सांगा, "दादा, जरा खाऊ घालून दाखवा." खाताना पाहिल्याशिवाय डिस्कस घरी नेऊ नये. तो सध्या काय खातो तेही विचारून घ्या, पहिले काही दिवस तेच द्यायचं आहे.

चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, नुसत्या स्पंज फिल्टरवर ठेवा. नंतर मुख्य टँकमध्ये सहाही एकदम सोडा, म्हणजे कोणीच आधी येऊन जागेची मालकी सांगत नाही.

सोबतीला कार्डिनल टेट्रा किंवा रमीनोजचा थवा आणि तळाला स्टरबाय कोरीडोरस चालतात. या तिघांनाही गरम पाणी सोसतं. एंजल नको, तो खाण्यावर तुटून पडतो आणि परजीवी आणू शकतो. सकर तर मुळीच नको, मोठा झाला की रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो.

खाणं

जंगलातल्या डिस्कसच्या पोटात शेवाळ, कुजलेला पालागाळ, वनस्पतींचे अंश आणि बारीक जलचर सापडतात. नुसतं मांस हा त्याचा आहार नाही. टँकमध्ये प्रथिनं भरपूर द्यायची, पण पालेभाजी आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरची जोड हवीच.

डिस्कस कसा खातो ते एकदा बसून पाहण्यासारखं आहे. दाण्यापाशी येऊन तो थांबतो, जरा तिरका होतो, एका डोळ्याने न्याहाळतो. मग उचलतो, थुंकतो, पुन्हा उचलतो. खाली पडलेला घास शोधताना तोंडातून पाण्याची फुंकर वाळूवर मारतो, वाळूचा छोटा ढग उठतो, आणि त्या ढगातून तो नेमका घास टिपतो. ही सगळी सावकाश चालणारी गोष्ट आहे. म्हणून खाणं हळूहळू बुडणारं आणि लगेच न विरघळणारं हवं. फ्लेक्सचा, म्हणजे पापुद्र्यांसारख्या खाण्याचा चुरा होतो, तो झाडांत जातो आणि माशाच्या पोटात फारसं काही पडत नाही. १ ते दीड मिलिमीटरचे मऊ, बुडणारे दाणे उत्तम.

मोठ्या माशांचं वेळापत्रक असं ठेवा. दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने दाणे. संध्याकाळी घरी केलेलं गोठवलेलं मिश्रण. जमलं तर मधे एकदा फ्रोझन आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जलचर) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या), थोडंच आणि आलटूनपालटून. शेवटचं खाणं दिवे बंद होण्याच्या किमान एक तास आधी. आठवड्यातून एक दिवस उपास, तो मोठ्या माशांना मानवतो.

प्रमाण नजरेने ठरवायचं: पाच मिनिटांत संपेल इतकं. सहा मोठ्या माशांना काड्यापेटीएवढ्या तुकड्याचा पाव भाग घालून सुरुवात करा, संपलं तर आणखी थोडं. मोकळ्या वाळूवर काचेची उथळ बशी ठेवून रोज तिथेच घातलं तर दोन-चार दिवसांत मासे त्या जागी येऊन थांबू लागतात. वीस मिनिटांनी बशीत आणि आसपास जे उरेल ते एअर पंपाच्या बारीक नळीने सायफन करून काढा. प्लांटेड टँकमध्ये डिस्कस टिकतात की नाही, हे माझ्या मते या रोजच्या दोन मिनिटांवर ठरतं.

मिश्रण घरी असं करा. अर्धा किलो सोललेली कोळंबी, मधला काळा दोरा काढून. पाव किलो पांढऱ्या माशाचे बिनकाट्याचे तुकडे. दोन्ही उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. कच्च्या कोळंबीत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारं थायमिनेज नावाचं विकर असतं, ते उष्णतेने निकामी होतं. वाफवलेला पालक मूठभर, सोललेले मटार मूठभर, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, स्पिरुलिना पावडर दोन चमचे. मीठ, हळद, तेल काहीही नाही. मिक्सरला फिरवा, पण गंध करू नका, रवाळ राहू द्या. कोमट झाल्यावर माशांचं मल्टिव्हिटॅमिन घाला. थोड्या गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन दोन-तीन चमचे घालून कालवा. झिपच्या पिशवीत भरून अर्ध्या सेंटीमीटरच्या पातळ पोळीसारखं पसरा, वरून सुरीच्या पाठीने चौकोन आखा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तेवढा चौकोन मोडून घ्यायचा. दोन महिन्यांत संपवा, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

जगभर डिस्कससाठी बीफ हार्टचं मिश्रण प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे इथले हौशी लोक मटणवाल्याकडून बकऱ्याचं दिल आणतात. त्यावरची चरबी आणि आतल्या शिरा पूर्ण काढाव्या लागतात, कारण तुपासारखी थिजणारी चरबी माशाला नीट पचत नाही. वाढत्या पिल्लांसाठी, उघड्या तळाच्या टँकमध्ये ते द्यायला हरकत नाही. झाडांच्या टँकमध्ये मात्र नको, त्याचा रस पाणी फार लवकर खराब करतो.

ट्युबिफेक्स नावाचे जिवंत किडे मासे तुटून पडून खातात हे खरं, पण हे किडे घाण पाण्यात वाढतात आणि जंतू घेऊन येतात. मी ते देऊ नका असंच सांगेन. फ्रोझन ब्लडवर्म हाताळल्यावर हात धुवा, काहींना त्याची ॲलर्जी असते.

नवा मासा तीन-चार दिवस खात नसेल तर घाबरू नका. आधी अमोनिया तपासा, पाणी ३० अंशांवर न्या, उजेड कमी करा आणि थोडे ब्लडवर्म किंवा आर्टेमिया देऊन पाहा. न खाल्लेलं दर वेळी काढून टाका. नीट खाणाऱ्या माशाची सोबत मिळाली की पुष्कळ मासे आपोआप खायला लागतात.

पाणी बदलणं

आठवड्यातून दोनदा, दर वेळी ३० ते ४० टक्के. आधी हीटर बंद करा, पाण्याबाहेर उघडा पडलेला चालू हीटर तडकतो. मोकळ्या वाळूवरची घाण सायफनने उचला, सोर्डच्या मुळांशी उकरू नका. नव्या पाण्याचं तापमान टँकच्या एक-दीड अंशाच्या आत असू द्या. फिल्टरच्या तोंडाचा स्पंज दर आठवड्याला आणि आतला महिन्यातून एकदा काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर उपयोगी जिवाणू मरतात. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते चांगलं खत आहे.

काही बिघडलं तर

मासा काळवंडून कोपऱ्यात गेला, पंख मिटले, की आधी पाण्याची टेस्ट आणि निम्मं पाणी बदलणं. औषधाची बाटली त्यानंतर. अनेकदा एवढ्यानेच मासा सावरतो.

विष्ठेकडे रोज लक्ष ठेवा. खाल्लेल्या खाण्याच्या रंगाची, गडद असेल तर ठीक. पांढरी, चिकट दोरीसारखी लोंबू लागली आणि मासा खाणं सोडू लागला तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी. त्या माशाला वेगळ्या टँकमध्ये हलवा. झाडं आणि वाळू असलेल्या टँकमध्ये औषधाचा नेमका परिणाम मिळत नाही. मेट्रोनिडॅझोल ४० लिटरला २५० मिलिग्रॅम ही रूढ मात्रा. मासा अजून खात असेल तर ते खाण्यातून देणं जास्त लागू पडतं. एकच कल्ला हलतोय, श्वास जोरात चाललाय, अंग लाकडावर घासतोय, ही कल्ल्यातल्या कृमींची लक्षणं. त्यावर प्राझिक्वान्टेल, लिटरला २ मिलिग्रॅम. मोठं मीठ झाडांच्या टँकमध्ये टाकू नका, बहुतेक झाडांना ते सोसत नाही.

जोडी जमली तर सोर्डच्या रुंद पानावर किंवा काचेवर अंडी दिसतील. पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, आणि ते पाहायला मिळणं हे या छंदातलं मोठं सुख आहे. पण सहा माशांच्या गर्दीत अंडी बहुधा खाल्ली जातात. पिल्लं वाढवायची असतील तर जोडीला वेगळा टँक द्या.

गावाला जायचं असेल तर चार-पाच दिवस मोठे डिस्कस उपाशी राहू शकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, नेहमीपेक्षा जास्त खाऊ घालू नका. सुट्टीसाठी मिळणारे फीडिंग ब्लॉक टाकू नका, ते पाण्यात विरघळत राहतात. जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंकडे दाण्यांच्या पुड्या एकेका दिवसाच्या वेगळ्या बांधून द्या, एक दिवसाआड एक, आणि बाकीचा डबा कपाटात बंद करून ठेवा. वीज गेली तर बॅटरीचा पंप कुठे आहे आणि कसा चालू करायचा, ते निघण्यापूर्वी त्यांच्याकडून एकदा करून घ्या.